जात्यातली पारंबी

काहीही लिहायला बसले की मी आधी उजव्या हाताची बोटं पदराला पुसते. स्वच्छ असली तरी पुसते. घरातल्या पोरांना वाटतं, म्हातारीची खोड आहे. त्या बोटांना एकदा वडाचा चीक लागला होता, ते त्यांना कधी सांगितलं नाही. कुणालाच धड सांगितलं नाही. एकीला सांगितलं, तीही आता नाही.

माझं माहेर दुसरबीडच्या अलीकडचं एक लहानसं गाव. आम्ही माळी. विहिरीवर मोट, खाली वांगी, मेथी, कांदा, आणि बांधावर कोहळ्याचे वेल. पोरींना शाळेत घालायची आमच्यात पद्धत नव्हती. मला घातलं ते उशिरा, आणि तेही गुरुजी रोज सकाळी आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबायचे म्हणून. चार दिवस ते वडलांना म्हणाले, "पोरगी पाठवा." पाचव्या दिवशी वडील वैतागून म्हणाले, "न्या बाप्पा, पण पाणी प्यायचं सोडू नका." महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं तेव्हा मी तिसरीत होते आणि अंगानं अख्ख्या वर्गाहून थोराड.

शाळेला दोन खोल्या होत्या, पण वर टिनं. ती तापली की गुरुजी चौथीचा वर्ग घेऊन गावाबाहेरच्या वडाखाली जायचे. तो वड किती जुना, कुणाला सांगता यायचं नाही. मूळ खोड आतून पोकळ झालं होतं. दोन शेळ्या आरामात बसतील एवढं. झाड उभं होतं ते पारंब्यांवर. वरून लोंबत आलेल्या, जमिनीत शिरलेल्या आणि मग स्वतःच खोड झालेल्या.

गुरुपौर्णिमेला गुरुजी हार-नारळ आणू द्यायचे नाहीत. आम्हाला एकेका जाड पारंबीला हात लावायला लावायचे. "ही माझ्या गुरुजींनी उतरवली. ही त्यांच्या गुरुजींनी. आणि ही कुणी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं." एका पोरानं नावं विचारली. गुरुजी म्हणाले, "नाव घेऊन काय करतोस? हात लाव. गार लागते का? मग झालं."

उतरवणं म्हणजे असं. अधांतरी लोंबणारी एक कोवळी पारंबी निवडायची. एक पोकळ बांबू घ्यायचा, त्याच्या आतले पडदे गजानं फोडायचे, आत गाळाची माती आणि जुनं शेणखत भरायचं, आणि तो पारंबीच्या बरोबर खाली जमिनीत पुरायचा. रोज वरून तांब्याभर पाणी. पारंबीचं टोक वाढत वाढत बांबूच्या तोंडात शिरलं, की गुरुजी म्हणायचे, "लागली." तिथून जमिनीपर्यंत ती आपली आपण जाते. दरवर्षी चौथीतल्या एकाकडे हे काम. आणि ज्याची पारंबी लागली त्याला शिकवायचा अधिकार. आम्हाला अधिकार म्हणजे पाटीलकीसारखं काही वाटायचं, तर गुरुजी म्हणायचे, "अधिकार म्हणजे राबणं रे. जन्मात एकाला तरी वाचायला शिकवायचं. नाही शिकवलं, तर तुमच्यापाशी येऊन ओळ तुटली."

"आणि नाही लागली तर गुरुजी?"

"तर पुढच्या साली पुन्हा बांबू."

माझ्या वर्षी काम माझ्याकडे आलं. "माळ्याची आहे, तिला सांगावं लागणार नाही," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी जेवण गेलं नाही. आषाढात बांबू पुरला. श्रावण-भादव्यात पारंबी बोटबोट खाली आली. दिवाळीनंतर थांबली. पौषात बघितलं तर बांबूच्या तोंडापासून हातभर वर, आहे तिथंच. आणि माघात माझं लग्न ठरलं. मुलगा वडनेर भोलजीचा, जिल्ह्याच्या पार त्या टोकाचा. तीथ फाल्गुनातली. चौथीची परीक्षा त्याच्यानंतर. म्हणजे परीक्षाही नाही, आणि मला पुढचं साल तर नव्हतंच.

मी दिवसातून दोनदा पाणी घालू लागले. पारंबीकडे बघून बघून मान आखडली. लग्नाला आठ दिवस राहिले. बाजाराचा दिवस होता, शाळा लवकर सुटलेली, वडाखाली कुणी नव्हतं. मी बांबूशेजारी दगडावर चढले आणि पारंबी हातात धरून खाली ओढली. जरा ताणली तर पोचेल, असं वाटलं. माळ्याच्या पोरीला असं वाटावं! आमच्या घरी कोहळ्याच्या कळीला बोटसुद्धा दाखवू देत नसत, कळी सडते म्हणून. आणि मी कोंब ओढला.

टक् असा बारीक आवाज झाला. चार बोटं तुकडा माझ्या मुठीत आला. वरून पांढरा चीक गळायला लागला, माझ्या बोटांवर, मनगटावर.

रडायला पाहिजे होतं. मी रडले नाही, भराभर कामाला लागले. त्याचीच मला आजही लाज वाटते. बांबू हातभर जमिनीत होता, तो उपटला. मारुतीच्या पाराशी एक फुटकं जातं पडलेलं होतं, त्याची वरची तळी लोटत लोटत आणली. बरोबर तिच्या तोंडावर, म्हणजे जिथून दाणे वैरतात त्या भोकावर, बांबू उभा केला. भोवती दगडमाती रचून लिंपून घेतलं. आता तुटकी पारंबी बांबूच्या तोंडात जेमतेम शिरत होती. तिथंही चिखल थापला. लांबून बघितलं तर पारंबी लागलेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. पारंबी बघितली, बांबू बघितला. मग माझा हात. चीक वाळला की काळपट होतो, धुऊन जात नाही.

"लागली म्हणायची," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"बरं. हात धुऊन ये."

एवढंच. लग्नात ते आले, हळदीच्या अंगावर अक्षता टाकल्या आणि नवी कोरी पाटी हातात दिली. लेखणीची डबी वर सुतळीनं बांधलेली. म्हणाले, "आता तुला अधिकार आहे." हळदीखालीसुद्धा माझी दोन बोटं काळी दिसत होती. मी ती पदरात लपवली आणि वाकून नमस्कार केला. तेव्हा बोलता आलं असतं. मांडवात गलका होता, कुणाला ऐकू गेलं नसतं.

वडनेरला आले तेव्हा सासूबाईंनी माझी पेटी उघडून बघितली. पाटी वर काढली आणि बायकांना दाखवून म्हणाल्या, "माय व! पोयपाट आनाचा सोडून हे पाटीच घेऊन आली! आता भाकरी याच्यावर थापजो." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग पाटी पेटीच्या तळाशी ठेवली, वर लुगडी.

तिथं माझं कुणी नव्हतं. बोलणं वेगळं, पाणी मचूळ, जमीन सपाट आणि काळी, नजर जाईल तिथवर कपाशी. मी "मला" म्हटलं की जाऊबाई "मले म्हन व, मले" म्हणून शिकवायच्या. त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. घरात तेवढं एकच माणूस माझ्याकडे तोंड करून बोलायचं. त्यांचा एकुलता भाऊ पलटणीत होता. त्याचं पत्र आलं की त्या मला चुलीमागे न्यायच्या, आणि मी हळू आवाजात वाचायचे. माझं अडखळत वाचणं त्या डोळे मिटून ऐकायच्या.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आम्ही दोघी वांगी तोडत होतो. त्या म्हणाल्या, "लहाने, मले शिकव ना वाचाले. तुह्यापाशी पाटी हाये ना."

मी म्हटलं, "मला येत नाही शिकवायला."

"वाचाले येते, मंग शिकवाले काऊन नाई येत?"

"माझी चौथी पुरी झालेली नाही."

"अवं, मले कोन्ती मॅट्रिक कराची हाये? भावाची चिठ्ठी वाचता आली की झालं."

मी काहीतरी कारण सांगितलं. पुढच्या खेपेला दुसरं. खरं कारण सांगता येत नव्हतं. आज कुणाला सांगितलं तर हसेल, पण मला तेव्हा पक्कं वाटायचं की माझी पारंबी लागलेली नाही, मी ती तोडली आहे, आणि वर खोटं रचलं आहे. ओळ माझ्यापाशी तुटलेली आहे. अशा हातानं कुणाला अक्षर दिलं तर ते कसं उमटेल? त्या बाईचं काही वाईट झालं तर? मी देवाला घाबरत नव्हते तितकी त्या पाटीला घाबरत होते.

तिसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा जाऊबाई उठल्या. "राहू दे. आमी पडलो अडानी. आमाले शिकवून तुही पाटी कायले बाटवतं!"

त्यानंतर त्यांनी मला पत्र दाखवलं नाही. पत्र आलं की किराणा दुकानात न्यायच्या. दुकानदार तागडी बाजूला ठेवून चारचौघांत मोठ्यानं वाचायचा आणि त्या पदर ओढून कोपऱ्यात उभ्या. भावानं घरचं काही लिहिलेलं असायचं, तेही गिऱ्हाइकं ऐकायची. एकदा मी तेल आणायला गेले होते. त्यांनी मला बघितलं आणि मान फिरवली. पुढे चूल वेगळी झाली. मधे भिंत आली. एकाच अंगणात आम्ही दोघी अशा राहिलो की, त्यांच्या खोकल्यावरून मला कळायचं त्या जाग्या आहेत, पण उभं राहून दोन शब्द बोलणं नाही. घरात माणसं होती, पुढे माझी दोन लेकरं झाली, तरी त्या वर्षांत मी जेवढी एकटी होते तेवढी पुढे म्हातारपणीही झाले नाही.

वटपौर्णिमेला बायकांबरोबर वडाला सूत गुंडाळताना मी वर बघत नसे. सात फेरे खाली मान घालून घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "किती लाजते! नवरा काय झाडावर बसून राह्यला?"

माहेरी वर्षा-दोन वर्षांनी जाणं व्हायचं. खामगावला एक एसटी बदलायची, मेहकरला दुसरी. गावात गेले की वडाची वाट टाळायची, मागच्या गोठणातून फिरून घरी. गुरुजी तेव्हा पेन्शनीत निघाले होते, पण गावातच राहिले. एकदा फाट्यावर उतरले तर ते समोर उभे. हातात छत्री. पाच-सहा हात अंतर असेल. मी पदर ओढला आणि लेकराला उगीच दुसऱ्या खांद्यावर घेऊन वळले. मागून छत्रीची काठी रस्त्यावर टेकल्याचा आवाज आला. मी मागे बघितलं नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा माहेराहून कार्ड आलं. कोपरा फाडलेला, म्हणजे कुणी गेल्याचं. पोस्टमनच्या हातातच दिसला. तसं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून अंगणात उभ्यानं वाचलं. वडलांचं नव्हतं, आईचं नव्हतं. गुरुजी गेले होते.

सासूबाई म्हणाल्या, "कोन गेलं?"

"आमचे गुरुजी."

"मास्तर मेला म्हून कोनी माहेरी जाते का व?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं असावं. म्हणाल्या, "जा बाप्पा. लेकरं ठेव इथं. दोन रोजात ये."

गुरुजींच्या पत्नी ओसरीत घोंगडीवर बसल्या होत्या. मी पायाला हात लावला. त्यांनी हनुवटी धरून वर बघायला लावलं.

"तूच ना गं ती माळ्याची? पारंबी ओढणारी?"

मी बसले तशीच राहिले. बोटं पदरात ओढून घेतली.

"अगं, आठ दिवस हसत होते ते. जेवताना हसायचे. म्हणाले, पारंबी खाली येईना, तर पोरीनं जमीनच वर नेली बघ! माळ्याची असून!" बोलता बोलता त्याही हसल्या, आणि हसताहसता डोळ्याला पदर लावला.

"त्यांना माहीत होतं?"

"बांबू जात्यावर चढून बसतो होय गं? लग्न झालं तुझं, त्याच दुपारी गेले. चिखल काढला, तुटलेल्या जागी शेण लावलं, धोतराची चिंधी बांधली. मी म्हटलं, पोरीला बोलायचं होतं चार शब्द. तर म्हणाले, सांगायला यील ती."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. नाही आलीस." त्या रागानं म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं. "फाट्यावर दिसली होतीस म्हणे एकदा. तोंड फिरवलंस. घरी येऊन म्हणाले, तिच्या बोटाचा चीक अजून गेला नाही वाटतं." मग त्यांनी विचारलं, "कुणाला शिकवलंस का? त्यांना ते विचारायचं होतं."

मी नाही म्हणाले.

संध्याकाळी वडाखाली गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बांबू कधीच कुजून गेला होता. जात्याची तळी होती तिथंच. पारंबी तुटली होती त्याच्या जरा वर तीन फुटवे फुटलेले दिसत होते. शेंडा खुडलेल्या वेलासारखे तुटलेल्या पारंबीलाही असे फुटवे येतात. वडलांच्या हाताखाली मी हे नुसत्या डोळ्यांनी शंभरदा बघितलं असेल, पण भीतीच्या भरात एकदाही आठवलं नव्हतं. दोन फुटवे वाळून दोऱ्यासारखे लोंबत होते. तिसरा सरळ खाली आला होता. जात्याच्या तोंडातून जमिनीत गेला होता, आणि तिथं माझ्या मनगटाएवढा जाड झाला होता. भोक त्यानं पुरतं भरून टाकलं होतं. तळीला नवी चीर गेलेली. चिंधीचा मागमूस नव्हता, पण वर एका जागी साल दोऱ्यानं आवळल्यासारखी दबलेली होती. मी हात लावला. गार होती.

मी तिथं मोठ्यानं बोलायचा प्रयत्न केला. "गुरुजी," एवढंच म्हणता आलं. गुराखी गुरं घेऊन चालला होता, तो थांबून बघू लागला. मग मी घरी आले.

वडनेरला परतल्यावर पेटीच्या तळातून पाटी काढली. सुतळी तशीच होती. भिंतीला वळसा घालून जाऊबाईंच्या दारात गेले. त्या तुरी पाखडत होत्या. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सूप खाली ठेवलं नाही.

"आता काऊन?" त्या म्हणाल्या. "माहा भाऊ तं आला ना घरी, पलटन सोडून. आता चिठ्ठ्या कोन धाडते?"

मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. बाजाराचा दिवस, जातं, चिखल, काळी बोटं, मांडवातला नमस्कार, फाटा. गुरुजी हसत होते तेही. त्या पाखडत राहिल्या. मधेच कधीतरी सूप थांबलं.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "सात सालं? मी समजून राह्यली होती का हिले माहा बास येते का काय!"

"चुकलं माझं."

"मास्तर तुहा शहाना व. तू निरी येडी." आणि मग हळू आवाजात, "मले सांगतलं असतं तं मी काय गावात डवंडी देली असती?"

त्या आत गेल्या. मला वाटलं, उठून जावं. पण त्या पत्र्याचा एक डबा घेऊन बाहेर आल्या. आत भावाची सगळी पत्रं होती, घडी न मोडता एकावर एक ठेवलेली.

"वाचून दाखव म्हनत नाई मी तुले," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं वाचलेलं मले पाठ हाये. पन मले माह्या डोयानं पाहाचं हाये. शिकव."

मी बोटं पदराला पुसली आणि पाटीवर त्यांच्या भावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

त्यांना सव्वा वर्ष लागलं. आमच्यातलं जुनं सगळं परत आलं, असं काही झालं नाही. सात वर्षांची भिंत होती, ती राहिलीच. त्या शिकायला यायच्या, झालं की पदर झटकून जायच्या, चहाला थांबायच्या नाहीत. पण त्या माझ्यासारख्या भित्र्या नव्हत्या. पहिलं पत्र स्वतः वाचलं त्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या दोघींना धरून आणलं आणि आपल्या ओट्यावर बसवलं. पुढे आणखी आल्या. त्यांच्या ओट्यावर किती बायका वाचायला शिकल्या मला माहीत नाही. मी भिंतीच्या अलीकडून आवाज ऐकायचे, कुणीतरी अडखळतंय आणि जाऊबाई म्हणतायत, "घाबरतं काऊन? बोट ठेव अन् वाच." त्या बायकांना माझं नाव ठाऊक नव्हतं. गुरुजींचं तर नाहीच.

मी मात्र एकीलाच शिकवलं. जाऊबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. भिंत अजून आहे. पलीकडे कुणी राहत नाही.

ज्यांना सांगायचं होतं त्यांना माहीत होतं, आणि तरी ते वाट बघत राहिले. माझ्याकडून ऐकायचं होतं त्यांना. चौथी अर्धी सुटलेल्या बाईनं लिहावं असं यात काही नाही, पण तोंडानं जमलं नाही ते निदान त्यांनीच शिकवलेल्या अक्षरांत लिहून ठेवावं, म्हणून बसले.

गुरुजी, पारंबी मी ओढली. जातं मी आणलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटी मान हलवली. एकीला शिकवलं, फार उशिरा. तिनं पुढे पुष्कळ जणींना शिकवलं.

हात धुऊन आले आहे.